मळ्यातले एकटे घर

“फादर, आमच्या बाबांना जरा समजवा,” अशी विनंती घेऊन येणारी मंडळी हल्ली वाढली आहेत. मुलगा पुण्याला किंवा गोव्यात नोकरीला, मुलगी सासरी, आई देवाघरी गेलेली आणि बाबा गावापासून मैल-दीड मैलावर मळ्यातल्या घरात एकटे. शहरात यायला ते तयार नाहीत. आलेच तर पंधरा दिवसांत परतीची पिशवी भरतात. इकडे मुलांना रात्री झोप लागत नाही, नातेवाईक नावे ठेवतात, म्हणून शेवटचा उपाय म्हणून ती आमच्याकडे येतात. कुठे बाबांच्या जागी विधवा मावशी असते, कुठे लग्न न केलेले काका.

आमचे उत्तर या मंडळींना बहुधा आवडत नाही. आमचे मत असे आहे, की जो माणूस आपल्या मळ्यात समाधानाने एकटा राहतो त्याला तेथून उपटून नेऊ नये. भाताचे रोप उपटून लावले तर जोम धरते, साठ वर्षांचा फणस धरत नाही. मात्र त्याला तेथे राहू द्यायचे तर काही व्यवस्था लागते, आणि ती त्याच्या एकट्याच्या गळ्यात टाकून चालत नाही. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि धर्मग्रामाने मिळून ती करायची असते. काहीच न करता “त्यांना तेथेच आवडते” असे म्हणून हात झटकणे, याला आम्ही त्यांच्या मनाचा मान राखणे म्हणत नाही, टाकून देणे म्हणतो.

तो तेथे का रमतो, हे आधी पाहू. पहाटे शेळी ओरडते म्हणून तो उठतो, कुणी उठवावे लागत नाही. चूल पेटवायची, कोंबड्या सोडायच्या, विहिरीचे पाणी काढायचे, वाफ्यातले तण काढायचे. दुपारी पडवीत अंग टाकायचे. संध्याकाळी जपमाळ हातात घेऊन बांधावरून एक फेरी मारायची. दिवसभर हाताला काम असते आणि त्या कामावाचून कुणाचे तरी अडते, मग ती शेळी का असेना. तोच माणूस शहरात तिसऱ्या मजल्यावर पहाटे पाचला उठून बसतो आणि आठपर्यंत घर जागे होण्याची वाट पाहतो. मळ्यात तो मालक असतो, मुलाच्या घरी कितीही प्रेम असले तरी पाहुणा. पाहुणेपणाचा कंटाळा म्हाताऱ्या माणसाला आजारासारखा पोखरतो, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे.

यावर धर्मशास्त्र जाणणारे एखादे चिरंजीव आम्हालाच ऐकवतात, की माणसाने एकटे असू नये हे देवानेच उत्पत्तीच्या पुस्तकात ठरवले आहे. खरे आहे. पण प्रभू येशूही गर्दीतून निसटून डोंगरावर एकटा प्रार्थनेला जात असे, आणि पुन्हा गर्दीत येत असे. जाण्याची आणि येण्याची, दोन्ही वाटा मोकळ्या असणे हे महत्त्वाचे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेत एकांतवासी जीवनाला, म्हणजे रानावनात एकटे राहून प्रार्थना व तप करणाऱ्यांना, ६०३ व्या कलमात स्वतंत्र मान्यता दिलेली आहे. तेव्हा एकांताची ओढ हा वेडेपणा आहे असे ख्रिस्तसभा मानत नाही.

या बाबतीत एका संताचे चरित्र प्रत्येक शेतकऱ्याने ऐकण्यासारखे आहे. आपल्याकडे संत अंतोनी म्हटले की पादुआचे, हरवलेली वस्तू शोधून देणारे, १३ जूनचे. ते वेगळे. आम्ही म्हणतो ते मिसर देशाचे मठाधिपती अंतोनी, ज्यांचा सण १७ जानेवारीला येतो आणि ज्यांच्या नावाने कित्येक देशांत त्या दिवशी गुराढोरांना आशीर्वाद दिला जातो. त्यांचा जन्म सुमारे २५१ सालचा, मृत्यू ३५६ चा. म्हणजे आयुष्य १०५ वर्षांचे. अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासियस यांनी त्यांचे चरित्र लिहून ठेवले आहे. अंतोनी शेतकरी घरातले. आईवडिलांमागे उत्तम कसाची दोनशे एकरांच्या आसपास जमीन त्यांच्या वाट्याला आली. ती त्यांनी गावकऱ्यांना देऊन टाकली आणि एकांत पत्करला.

पुढचा भाग आम्हाला फार आवडतो. तांबड्या समुद्राच्या बाजूला एका डोंगराच्या पायथ्याशी पाणी आणि चार खजुरीची झाडे पाहून ते राहिले. लोक त्यांना लांबून भाकरी आणून देऊ लागले. आपल्यासाठी इतक्या लोकांना वाळवंट तुडवावे लागते याचे त्यांना वाईट वाटले. म्हणून त्यांनी मागून काय घेतले? एक कुदळ, एक कुऱ्हाड आणि थोडे बियाणे. आसपास हिंडून त्यांनी एक लहानसा तुकडा शोधला, पाणी होतेच, तेथे पेरणी केली आणि वर्षाचे धान्य पिकवले. आता कुणाला त्रास नाही याचा त्यांना आनंद झाला. तरीही माणसे भेटीला येतच राहिली. तेव्हा थकून आलेल्या पाहुण्याला चार घास मिळावेत म्हणून त्यांनी भाजीपालाही लावला. पाण्यावर येणारी रानातली जनावरे पीक तुडवू लागली, तेव्हा त्यांनी त्यांतले एक हळूच धरले आणि मी तुमचे काही बिघडवत नाही, मग तुम्ही माझे का बिघडवता, अशा अर्थाने सर्वांना समजावले. नंतर जनावरे तेथे आली नाहीत असे चरित्रात आहे. (आमच्याकडच्या रानडुकरांना ही भाषा अद्याप समजलेली नाही, ही गोष्ट वेगळी.)

आता यातले मर्म पाहा. अंतोनींनी शेती केली ती कुणाची गरज लागू नये या ताठ्यापायी नव्हे, तर कुणावर ओझे पडू नये आणि आलेल्याच्या हातावर काही ठेवता यावे म्हणून. स्वावलंबनाचा हा ख्रिस्ती अर्थ आहे. आणि चरित्राच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे, ती लोक विसरतात. या सर्वांत मोठ्या एकांतवाशाजवळ म्हातारपणी दोन शिष्य पंधरा वर्षे त्या डोंगरावर राहिले, त्यांची सेवा करण्यासाठी. त्यांनीच त्यांना मातीआड केले. शंभरीच्या घरातल्या अंतोनींना दोन माणसे चालली, मग आपल्या सत्तरीच्या काकांना “मला कुणी नको” असे म्हणण्याचा अधिकार आहे असे आम्हाला वाटत नाही.

थोडा हिशेब करू, कारण एकट्या माणसाला जमीन लागते किती याबद्दल मोठा गैरसमज आहे. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ धरला तर वर्षाला १४६ किलो, म्हणजे सव्वादोन क्विंटल भात. पावसाच्या पाण्यावर एकरी १५ क्विंटल उतारा धरला तर यासाठी सहा गुंठे पुरतात. बियाण्याला आणि उंदरांना धरून सात म्हणा. भात कापल्यावर त्याच ओलीवर मसूर किंवा वाटाणा टाकला तर वर्षाची वीस-बावीस किलो डाळ तेथेच निघते. भुईमुगाला तीन गुंठे दिले तर घाण्यावरून वर्षाचे तेल येते आणि खायला शेंगाही उरतात. भाजीपाल्याला दोन गुंठे. सारे मिळून बारा गुंठे झाले, एकराचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. त्यापलीकडे थोडी नाचणी, बांधावर शेवगा, माळावर रताळी. उरलेल्या जमिनीत साठीनंतर माणसाने काजू, आंबा, गवत अशी कमी कष्टाची लागवड करावी. सगळी जमीन पूर्वीसारखी कसण्याचा हट्ट हे एकट्या म्हाताऱ्याच्या आजाराचे आणि कर्जाचे मोठे कारण असते.

घराला लागून मात्र ऊस लावू नये. उसात उंदीर, उंदरांमागे साप.

इतके पिकवूनही मीठ, काडेपेटी, चहा, कापड आणि औषध विकतच आणावे लागते. जगात कोणीही पूर्ण स्वावलंबी नाही, आणि मीठ आणायला बाजारात जावे लागते ही देवाची दयाच आहे. निदान आठवड्यातून एकदा चार माणसे भेटतात. आम्ही तर सांगतो की मुलांनी महिन्याचा बाजार एकदम भरून देऊ नये. बाबांना बुधवारी किंवा शनिवारी पिशवी घेऊन जाऊ द्यावे.

आता प्रकृतीविषयी. एकट्या माणसाचे पोट बिघडते ते अन्न नसल्यामुळे नव्हे, एकट्यासाठी शिजवण्याचा कंटाळा केल्यामुळे. सकाळी पेज आणि लोणचे, रात्री सकाळचीच पेज. मळ्यात पालेभाजी उभी असते आणि घरधनी सुकी मिरची चावत बसतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. लोणचे, पापड आणि सुकी मासळी यांवर राहणाऱ्याचे मीठ याच्या कितीतरी पुढे जाते आणि रक्तदाब कळत नकळत चढतो. दिवसातून एकदा तरी डाळ आणि हिरवी भाजी ताजी शिजवावीच. दोन कोंबड्या आणि एक शेळी ठेवली तर अंडे व दूध मिळते. भाजीपाल्यात अजिबात नसलेले बी-१२ हे जीवनसत्त्व त्यातून येते. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा, आणि लोक म्हणतात म्हातारपण आले. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या संपल्या म्हणून बंद करू नयेत; आठवड्याच्या शिल्लक असतानाच पुढच्या आणाव्यात. विळ्याने, खिळ्याने जखम होणारच, म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यावे.

सापाबद्दल सविस्तर लिहितो, कारण मळ्यातल्या एकट्या माणसाला खरा धोका येथे आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुतेक खेड्यांतलीच. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चार आपले मुख्य विषारी साप. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावा इतका बारीक असतो की कित्येकदा दुखत नाही, सूजही येत नाही. माणूस पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या म्हणून उठतो, आणि तोपर्यंत पुष्कळ वेळ गेलेला असतो. म्हणून खाली झोपू नये. खाट हवी, मच्छरदाणी हवी आणि ती गादीखाली नीट खोचलेली हवी. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि काठी. जळाऊ लाकडे, शेणी आणि पेंढा घराच्या भिंतीला लावून रचू नये. दंश झालाच तर घट्ट दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने ओढणे, यांतले काहीही करू नये. हातपाय न हलवता पडून राहावे, १०८ ला किंवा शेजाऱ्याला फोन लावावा आणि जेथे सापाच्या विषावरचे इंजेक्शन आहे त्या दवाखान्यात थेट जावे. आपल्या जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात ते इंजेक्शन असते, हे आजच विचारून ठेवावे. चावल्यावर विचारत फिरण्याची ती गोष्ट नाही. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

आणि फोन लावायला माणूस शुद्धीवर नसला तर? येथे आम्हाला दुसरे एक संत आठवतात. संत बेनेडिक्ट तरुणपणी सुबियाको येथे एका गुहेत तीन वर्षे एकटे राहिले. ते तेथे आहेत हे फक्त रोमानुस नावाच्या एका संन्याशाला ठाऊक होते. कड्यावरून गुहेपर्यंत वाट नव्हती. म्हणून रोमानुस आपल्या वाटणीतली भाकरी लांब दोरीला बांधून खाली सोडत असे, आणि त्या दोरीला त्याने एक लहान घंटी बांधली होती. ती वाजली की बेनेडिक्ट भाकरी घेत. पोप ग्रेगरी यांनी हे लिहिले आहे, आणि सैतानाला ती घंटी इतकी खुपली की त्याने दगड मारून ती फोडली, असेही लिहिले आहे. सैतानाला भाकरी नव्हे, घंटी खुपली. यावर विचार करावा.

प्रत्येक एकट्या घराला अशी एक घंटी पाहिजे. ती काय असावी हे ज्याने त्याने ठरवावे. एका मळ्यात आम्ही पाहिले, की सकाळी आठच्या आत पडवीच्या दांडीवर पांढरे फडके टाकायचे आणि अंधार पडताना काढायचे असे ठरले आहे. ओढ्यापलीकडचा शेजारी गुरे सोडताना तिकडे एकदा पाहतो. फडके नसेल तर तो येतो. खर्च शून्य. कुणाचे रोज दूध घालायला कुणीतरी येते, तेही चालेल. मुलाचा सकाळचा फोनही चालेल. पण मुलगा दोनशे मैलांवर आहे, फोन उचलला गेला नाही तर धावणार कोण, त्याचे नाव आणि नंबर मुलाजवळ हवा. हा शेजारी मराठा असो, लिंगायत असो, जैन असो, जवळ राहतो तो शेजारी. त्याच्याशी बांधावरून भांडण असेल तर ते आधी मिटवावे. वीतभर बांधासाठी दहा वर्षे बोलणे टाकलेले शेजारी आमच्या धर्मग्रामातही आहेत, आणि त्यांच्यातला एकजण रात्री पडला तर दुसऱ्याला कळणार नाही.

सगळा एकांत समाधानाचा नसतो हेही सांगितले पाहिजे. कुणी सुनेवर रुसून मळ्यात जाऊन बसतो, कुणी बाटलीसाठी. ते एकांत नव्हे, लपणे आहे. कसे ओळखावे? समाधानी माणसाच्या परसात भाजी असते, अंगण झाडलेले असते, कुणी आले की तो चहा ठेवतो. ज्याची भांडी दोन-दोन दिवस पडून असतात, जो मिस्साला येणे सोडतो, जनावर विकून टाकतो, उगीचच वस्तू वाटू लागतो, त्याच्याकडे त्याच आठवड्यात जावे. त्याच्याजवळ बसावे, डॉक्टरला दाखवावे; सरकारची टेली-मानस ही मनाच्या आजारासाठीची सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस फुकट मिळते. आणि एक कळकळीची विनंती. पिकावर मारायची विषारी औषधे एकट्या माणसाच्या राहत्या घरात ठेवू नयेत. ती दुसरीकडे कुलपात असावीत, किल्ली शेजाऱ्याकडे. मनाची काळी घडी बहुधा थोडाच वेळ टिकते. त्या वेळी विष हाताशी नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९५ पासून अतिजहाल कीटकनाशके बंद करत नेली आणि तेथे आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. फवारणीही एकट्याने करू नये, सोबत कुणीतरी असावे.

जमिनीच्या कागदाचा विषय टाळून चालणार नाही. “बाबांना समजवा” म्हणणाऱ्यांपैकी काहींना बाबा शहरात हवे असतात, काहींना मळा बाजारात हवा असतो. गावे शहराला चिकटत चालली आहेत आणि प्लॉट पाडणारे दलाल मुलांच्या फोनवर रोज आहेत. आम्ही सर्वांनाच एका मापाने मोजत नाही. पण म्हाताऱ्यांना आमचा सल्ला असा, की प्रेमापोटी घाईने सर्व काही कुणाच्या नावे करून देऊ नये. मृत्युपत्र करावे, वकिलाकडून समजून घेऊन करावे. हयातीतच बक्षीसपत्र करायचे असेल तर माझा सांभाळ करण्याच्या अटीवर देत आहे हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातील २३ व्या कलमाप्रमाणे, अशा अटीवर घेऊन मग सांभाळ न करणाऱ्याचे बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसली तर भांडण लांबते, आणि म्हाताऱ्या माणसाजवळ लांबण्याइतका वेळ नसतो.

राहिला आमचा, म्हणजे धर्मगुरूंचा व धर्मग्रामाचा भाग. बेनेडिक्टच्या गोष्टीत पुढे एक धर्मगुरू येतो. ईस्टरच्या दिवशी तो आपल्यासाठी सणाचे जेवण करून बसलेला असतो, तेव्हा देव त्याला कळवतो, की तू येथे पक्वान्ने केलीस आणि माझा सेवक उपाशी आहे. तो जेवण उचलून डोंगर-कपारी शोधत जातो आणि बेनेडिक्टला गाठतो. इतके दिवस एकटे राहून बेनेडिक्टला आज ईस्टर आहे हेसुद्धा ठाऊक नसते. त्या धर्मगुरूचे नाव ग्रेगरींनी दिलेले नाही, पण आमच्या पेशाच्या माणसाने त्याला विसरू नये.

म्हणून मळ्यातल्या एकट्या घरांची एक वही यंदा चर्चमध्ये ठेवली आहे. नाव, मळ्याची वाट, कोणती औषधे चालू, शेजाऱ्याचा फोन, मुलाचा फोन, एवढेच त्यात लिहायचे आहे. ज्यांना चालत मिस्साला येणे होत नाही त्यांच्याकडे कम्युनियन घेऊन जाण्याचा आणि मागितल्यास आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार देण्याचा क्रम या वहीवरून लावला जाईल. युवक मंडळाने खाट नसलेल्या घरांना खाट पोहोचवण्याचे काम घेतले आहे. जुन्या, वापरात नसलेल्या खाटा कुणाच्या माळ्यावर असतील तर कळवाव्यात. नावे मिरगाच्या आत द्यावीत. एकदा ओढ्यांना पाणी आले, की पलीकडच्या सात-आठ मळ्यांकडे फटफटी जात नाही, लांबच्या वाटेने चालत जावे लागते, आणि कोणत्या घरी आधी जायचे हे त्याआधी ठरलेले बरे.